‘मतं संमिश्र होती’

आमच्या वाचक गटाची एक वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. ज्याच्या घरी बैठक, त्यानं त्या महिन्याचं टिपण लिहायचं, असा नियम. पुस्तकाचं नाव, लेखक, हजर किती, गैरहजर किती, चहाबरोबर काय होतं, आणि शेवटी एक वाक्य: कादंबरीबद्दल सदस्यांची मतं संमिश्र होती.

या महिन्यात वही माझ्याकडे आली तेव्हा मागची चार वर्षं मी एका दुपारी वाचून काढली. लेखक बदलले, घरं बदलली, अक्षरं बदलली. पोह्यांच्या जागी कधी साबुदाण्याची खिचडी आली. ते वाक्य काही बदललं नाही. ‘पानिपत’ला संमिश्र, ‘फकिरा’ला संमिश्र, ‘झाडाझडती’ला संमिश्र, ‘आवरण’ला संमिश्र, ‘इंधन’लाही संमिश्र. इतक्या वेगवेगळ्या कादंबऱ्या आणि सगळ्यांचा निकाल एक! माझ्या वर्गातल्या पोरांनी अशी उत्तरपत्रिका दिली असती तर कॉपीचा संशय घेतला असता मी.

या शब्दाशी माझं भांडण आहे. ऐकायला तो सभ्य आहे, लोकशाहीवादी वाटतो. पण आमच्या गटात तो झाकणाचं काम करतो. कोण काय म्हणालं, का म्हणालं, त्याला कुणी उत्तर दिलं की नाही, हे सगळं त्याच्याखाली जातं. आणि सगळ्यांचं सारखं झाकलं जातं असंही नाही. काहींचं मत झाकलं जातं. काहींचं मत आधी भावना करून टाकतात आणि मग झाकतात. मी दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून लिहायला बसले.

गट राजगुरुनगरचा. जुनी माणसं अजून खेडच म्हणतात. आम्ही बारा-तेरा जण, महिन्यातून एका रविवारी जमतो. एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना सगळे सर म्हणतात. बँकेतल्या एक ताई. चाकणच्या एमआयडीसीत नोकरी करणारे दोन इंजिनिअर, एक लातूरकडचा, एक वर्ध्याकडचा. हे दोघं चाकणच्या चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकून नेहमी उशिरा येतात आणि दारातूनच ओरडतात, शेवट सांगू नका. भामा-आसखेड धरणात ज्यांच्या घरची जमीन गेली असे एक काका. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, मातंग समाजातला एक तरुण. दोन-तीन गृहिणी, ज्या सगळ्यांत जास्त वाचतात आणि सगळ्यांत कमी बोलतात. मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. गटात मुसलमान मी एकटी.

एकटी असण्याबद्दल तक्रार नाही. एकटीला काय काम दिलं जातं, त्याबद्दल आहे.

‘पानिपत’पासून सुरुवात झाली. विश्वास पाटलांची ही कादंबरी 1988 सालची. मराठी घरात एकच कादंबरी असेल तर ती हीच असण्याची शक्यता मोठी. त्या बैठकीत भाऊसाहेबांवर चर्चा झाली, होळकरांवर झाली, नजीबखानाला शिव्या घालून झाल्या. मग चर्चा तोफखान्यावर आली आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. “आणि तुमचा इब्राहिमखान गारदी! काय निष्ठावान माणूस!” ताटलीतली बर्फी पुढे करावी तसा इब्राहिमखान माझ्यापुढे सरकवला. मी काय करायला हवं होतं? आभार मानायचे? इब्राहिमखान मराठ्यांच्या तोफखान्याचा सरदार होता, 1761च्या त्या लढाईत पकडला गेला आणि मारला गेला. तो माझा जितका, तितकाच सरांचा. शिवाय मला त्या कादंबरीत वेगळंच काही बोलायचं होतं. उपासमारीची पानं. लढाईपेक्षा ती जास्त अंगावर येतात, असं माझं म्हणणं होतं. ते राहूनच गेलं, कारण मी इब्राहिमखान स्वीकारण्यात गुंतले होते. (गावात दिलावरखानाचा मकबरा आहे. पाहुणे आले की त्याची माहिती मलाच विचारतात. जणू तो माझा चुलता.)

हे हसण्यावारी नेता येतं. मी नेलंही. ‘आवरण’च्या वेळी मात्र जमलं नाही.

एस. एल. भैरप्पांची ही मूळ कन्नड कादंबरी 2007 सालची. उमा कुलकर्णींनी ती मराठीत आणली. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी: लक्ष्मी नावाची बुद्धिमान मुलगी आमीरशी लग्न करते, रझिया होते. पुढे वडील वारतात. ती गावी परतते आणि वडिलांनी जमवलेली इतिहासाची पुस्तकं, टिपणं वाचू लागते. त्यातून तिचं मत पालटतं आणि ती स्वतः एक कादंबरी लिहायला घेते, मोगलकाळातली. कर्नाटकात या पुस्तकावरून मोठा वाद झाला. यू. आर. अनंतमूर्तींनी टीका केली. काही महिन्यांत आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. आमच्याकडे पुस्तक कुणी सुचवलं ते सांगत नाही. सुचवण्यात काही चूकही नव्हती. मी हात वर करून होकार दिला होता.

मी चार पानं टिपणं काढून गेले होते. म्हणाले, या कादंबरीत एक भाग मला फार खरा वाटला: बाप गेल्यावर मुलगी त्याच्या खोलीत बसते आणि ज्या माणसाशी आपण वर्षानुवर्षं बोललो नाही त्याचं अक्षर वाचते, तो. त्या पानांवर मी थांबले, माझे अब्बा आठवले. मग म्हणाले, पण आमीर हा माणूस म्हणून उभाच राहत नाही. लेखकानं त्याला हरण्यासाठीच रिंगणात आणलंय. वाद होतो तेव्हा सगळे मुद्दे एका बाजूला आणि सगळी चिडचिड दुसऱ्या बाजूला. कादंबरीच्या आतच संदर्भग्रंथांची यादी दिली आहे. इतिहास लिहिणाऱ्याला यादीचा आधार मिळतो. पात्र जिवंत आहे की नाही, हे मात्र यादीनं सिद्ध होत नाही. आणि शेवटी म्हणाले, याच लेखकानं ‘पर्व’ लिहिलंय. त्यात कुंती, द्रौपदी, भीम, कर्ण प्रत्येकाला त्याचं स्वतःचं मन आहे, प्रत्येकाची बाजू आपल्याला त्या-त्या वेळी पटते. म्हणजे हे भैरप्पांना येत नाही असं नाही. इथे त्यांनी केलं नाही. का केलं नाही, यावर बोलू या.

कुणी बोललं नाही. पंखा फिरत होता. मग एक ताई अगदी मायेनं म्हणाल्या, “बाई, तुम्हाला वाचताना किती त्रास झाला असेल, आम्ही समजू शकतो.” दुसऱ्या कुणी तरी पाण्याचा ग्लास आणून दिला. मी पाणी प्यायले. तहान लागली नव्हती. सर म्हणाले, “विषय नाजूक आहे, इथेच थांबू या.” वहीत टिपण आलं: काही सदस्यांना विषय संवेदनशील वाटला. मतं संमिश्र होती.

मला त्रास झाला असं मी कुठे म्हटलं होतं? मी म्हटलं होतं की पात्र कच्चं आहे. हे चूक असेल. ‘पर्व’शी तुलना अन्यायाची असेल, कारण महाभारतातली पात्रं आपल्याला आधीपासून ठाऊक असतात, भैरप्पांना ती शून्यातून उभी करावी लागली नाहीत. हा मुद्दा माझ्याविरुद्ध कुणी तरी मांडायला हवा होता. मला घरी येऊन स्वतःच मांडावा लागला. सहानुभूती मिळाली आणि उत्तर बुडालं. हाच ‘आमीर कच्चा आहे’ हा शेरा बँकेतल्या ताईंनी मारला असता तर ते मत झालं असतं, त्यावर अर्धा तास वाद झाला असता. मी म्हटलं म्हणून ती वेदना झाली. वेदनेशी कुणी वाद घालत नाही, तिला पाणी देतात.

आणि यात फक्त माझंच नुकसान झालं असं समजू नका. वर्ध्याच्या इंजिनिअरला ती कादंबरी मनापासून आवडली होती. त्याला कारणही होतं. नंतर जिन्यात तो मला म्हणाला, की देवळं पाडल्याचा इतिहास शाळेत त्याला एका ओळीत शिकवला होता, या पुस्तकामुळे त्यानं पहिल्यांदा उठून इतर पुस्तकं शोधली. हे ऐकून मला बरं वाटलं का? नाही वाटलं. पण ते एक मत होतं, त्याच्यामागे वाचन होतं, आणि त्याला माझ्याकडून उत्तर मिळायला हवं होतं. जी पुस्तकं त्यानं नंतर शोधली त्यात काय सापडलं, कादंबरीशी ते जुळलं का, कुठे जुळलं नाही, हे मला विचारायचं होतं. तो माझ्यापुढे बोलला नाही, कारण बाईंना वाईट वाटेल. मी त्याच्याशी बोलले नाही, कारण विषय थांबवला होता. दोघांनी पायऱ्या उतरताना जी दोन मिनिटं बोललो तेवढीच त्या महिन्याची खरी चर्चा. वहीत ती नाही.

आता कुणी म्हणेल, माणसाचं जगणं त्याच्या वाचनात येणारच, त्याला वेगळं कसं काढणार? बरोबर आहे. ‘झाडाझडती’ वाचली तेव्हा आम्ही सगळ्यांनी हे पाहिलं. विश्वास पाटलांचीच कादंबरी, 1991ची, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी मिळालेली, धरणग्रस्तांवरची. कुणाला ती लांबली असं वाटलं, कुणाला रडवणारी वाटली. भामा-आसखेडवाले काका शेवटपर्यंत गप्प होते. मग म्हणाले, “कमीच लिहिलंय.” आणि सरकारी कचेरीत सातबाऱ्यासाठी, मोबदल्याच्या फाइलीसाठी घातलेल्या चकरा त्यांनी सांगितल्या. आमच्या तालुक्यात धरणाचं पाणी कुठे जातं आणि जमीन कुणाची गेली, हे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी ते कानांनी ऐकलं. लांबली म्हणणाऱ्या लातूरच्या इंजिनिअरनं तिथल्या तिथे शब्द मागे घेतला.

पण पुढे काय झालं ते बघा. काकाच म्हणाले, “मागे कशाला घेतो? लांबलीच आहे. मधली शंभर पानं मी पण चाळली. खैरमोडे गुरुजी आले की पुस्तक चालतं, अधिकारी बोलायला लागले की बसतं.” म्हणजे ज्याची जमीन गेली त्यानं साक्षही दिली आणि समीक्षाही केली. आम्ही दोन्ही ऐकलं. साक्ष त्यांनी आपणहून दिली होती, त्यांच्या वेळेला, त्यांच्या शब्दांत. त्यांना कुणी पिंजऱ्यात उभं करून बोलावलं नव्हतं. आणि साक्ष दिल्यावर त्यांचा वाचक म्हणून हक्क संपला नव्हता. एवढंच मला माझ्यासाठी हवं आहे, फार नाही.

हे लिहिताना माझ्या मनाला एक गोष्ट टोचते आहे. ती लपवली तर हा लेख खोटा ठरेल.

‘फकिरा’ची बैठक माझ्या घरी होती. अण्णाभाऊ साठ्यांची 1959ची कादंबरी. सगळे बसले, चहा झाला, आणि सुरुवात कुणी करायची असा प्रश्न आला तेव्हा मी, होय मीच, त्या मातंग तरुणाकडे वळून म्हटलं, “तुम्ही आधी सांगा, तुम्हाला काय वाटलं?” का त्यानं आधी? तो वयानं सगळ्यांत लहान. गटात नवा. बाकी कुठल्याही पुस्तकाला मी त्याला आधी विचारलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, कारण इब्राहिमखानाच्या वेळी ते माझ्या चेहऱ्यावर होतं. क्षणभर थांबून तो म्हणाला, “मॅडम, सुरुवातीचा जोगणीचा भाग जेवढा जबरदस्त आहे तेवढा पुढचा वाटला नाही. पुढे प्रसंगावर प्रसंग येतात, माणसं कमी दिसतात.” असं स्वच्छ, नेमकं बोलला. माझ्या प्रश्नातली गोम त्यानं ओलांडून टाकली. त्यावर सरांनी त्याला सांगितलं की अण्णाभाऊंचा हात तमाशा-पोवाड्याचा आहे, प्रसंगांची ही घाई पोवाड्यातून आली आहे. तो म्हणाला, पोवाडा ऐकायचा असतो, ही वाचायची आहे. अर्धा तास चालला वाद. आमच्या गटाच्या चार वर्षांतला सगळ्यांत चांगला अर्धा तास. वहीत त्याचं काय झालं? मतं संमिश्र होती. अक्षर माझं आहे.

तर आता ‘इंधन’. इथे दोन आघाड्यांवर लढावं लागलं.

ही कादंबरी मीच सुचवली होती. हमीद दलवाई म्हटलं की लोकांना मोर्चा आठवतो. एप्रिल 1966मध्ये सात बायकांना घेऊन मुंबईत काढलेला, तोंडी तलाकच्या विरोधात. मुस्लिम सत्यशोधक मंडळ आठवतं, पुण्यात 1970 साली स्थापन केलेलं. ‘इंधन’ त्याच्या आधीची, 1965ची. नीट बघा, आधी कादंबरी, मग मोर्चा. म्हणजे तिला चळवळीचं पत्रक समजून वाचणं हे कॅलेंडरलाच धरून नाही. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक मुसलमान माणूस, गावातले मुसलमान, कुळवाडी, ब्राह्मण, दलित, जमिनीचे आणि स्त्री-पुरुषांचे जुने गुंते, आणि मग पेटणं. दिलीप चित्र्यांना ती इंग्रजीत न्यावीशी वाटली, ती काही सुधारणेचा निबंध म्हणून नव्हे.

आमच्या गटात काय झालं? “काय धाडस आहे! स्वतःच्या समाजाला आरसा दाखवला!” हे पहिलं वाक्य, आणि पुढची वीस मिनिटं तेच. मी म्हटलं, आरसा कुणाच्या समाजाला? त्या गावात एकही जात धुतल्या तांदळासारखी सुटत नाही. सांगणारा स्वतःही सुटत नाही. आरसा गावाला दाखवलाय आणि त्या आरशात मुसलमानांशेजारी बाकीचेही उभे आहेत. तुम्ही तेवढ्यापुरते फ्रेमच्या बाहेर का सरकलात? मी आणखी म्हटलं की कादंबरीतल्या बायका पुरुषांच्या भानगडींतून दिसतात, त्यांचं स्वतःचं बोलणं मला कमी वाटलं. पुढच्याच वर्षी ज्या माणसानं सात बायकांना रस्त्यावर बोलतं केलं, त्याच्या कादंबरीत हे असावं, याचं नवल वाटतं. यावर बोलण्यासारखं खूप होतं.

वहीत काय लिहिलं गेलं, शब्दाला शब्द देते: “बाईंनीही कादंबरीचं मोकळेपणानं स्वागत केलं. एकूण मतं संमिश्र.”

मी मराठीची शिक्षिका आहे. शब्दयोगी अव्यय शिकवताना ‘ही’ कसा वापरावा ते मुलांना सांगते. ‘रामही आला’ म्हणजे बाकीचे आले होते आणि राम येईल अशी खात्री नव्हती. ‘बाईंनीही’ मधला तो ‘ही’ त्या वाक्यातला सगळ्यांत जड शब्द आहे. बाकीचे मोकळे आहेतच, बाईंची खात्री नव्हती. ‘आवरण’ला नाही म्हटलं तर दुखावलेली, ‘इंधन’ला हो म्हटलं तर मोकळी. दोन्ही वेळा कादंबरीबद्दल मी काय म्हटलं ते गायब, आणि उरलं काय, तर माझ्या स्वभावाचा दाखला.

इथवर वाचून आपल्यातले काही वाचक खूश झाले असतील. बघा, ते असेच असतात. थांबा, तुमचीही पाळी आहे.

‘इंधन’ची बैठक झाल्याचं मोहल्ल्यात कळलं. एका बुजुर्गांचा फोन आला. मी त्यांना चाचा म्हणते, माझ्या अब्बांचे ते दोस्त, त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि राहील. म्हणाले, “बेटा, वो दलवाई की किताब तू बाँट रही बोलते. उस आदमी का तो दफन बी नै हुआ.” खरं आहे, दलवाई 1977मध्ये गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं. मी विचारलं, चाचा, किताब पढी आपने? म्हणाले, पढने की क्या जरूरत, मालूम है ना कौन है. मग म्हणाले, तू बच्चों को पढाती, तेरे पे लोगों की नजर रहती.

चाचांना मी आमीरबद्दलचं माझं म्हणणं सांगितलं असतं तर ते खूश झाले असते. पण त्यांना तेही मत म्हणून नको होतं. आपल्या माणसानं आपली बाजू घेतली, एवढंच हवं होतं. गटात आणि मोहल्ल्यात फरक तो काय? दोन्हीकडे पुस्तकाची पानं बंद आहेत आणि प्रश्न एकच: ही कुणाची? गट मला विचारतो, तुम्ही त्यांच्यासारख्या नाही ना? मोहल्ला विचारतो, तू आपल्यासारखीच आहेस ना?

सोलापूरला 1990 साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वाट पाडली. त्याच वर्षी पुण्याला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते. म्हणजे मराठीत लिहिणारा मुसलमान मराठीला काही कालपरवा भेटलेला नाही. लिहिणाऱ्याला थोडी फार जागा झाली. वाचणाऱ्याला? मराठी कादंबरी वाचून ‘मला आवडली नाही’ एवढंच म्हणणारा, पुढे-मागे काही न जोडता म्हणणारा मुसलमान वाचक, त्याला दोन्हीकडे खुर्ची नाही. आणि ती खुर्ची आपण आपल्याच माणसालाही देत नाही, हे मान्य करा. दलवाई न वाचता नाकारणारे आपण आणि आमीरवरचा शेरा न ऐकता पाणी देणारे ते, यात मला तरी नात्याचं बरंच साम्य दिसतं.

सरांचा एक आक्षेप मी गांभीर्यानं घेते. ते मला म्हणाले, “बाई, आजच्या दिवसांत सगळ्या जातीधर्मांची बारा माणसं एका सतरंजीवर बसतात, हेच मोठं आहे. वाद घालून तेही घालवायचं का?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. बाहेर काय चाललंय ते मलाही दिसतं. एकदा राजकारणावरून दोघांची जुंपली होती आणि एक सदस्य कायमचे गेले, ते मी पाहिलंय. या गटातल्या माणसांनी माझ्या आईच्या आजारपणात डबे दिलेत. ती सतरंजी मलाही हवी आहे. पण सर, ही शांतता कुणाच्या खर्चानं चालते? ज्याचं मत कुणी हलवत नाही त्याला ती फुकट मिळते. मी दर महिन्याला तिचे पैसे भरते. तो तरुण भरतो. वर्ध्याचा इंजिनिअरही भरतो, कारण मनातलं जिन्यात बोलावं लागतं. आणि कादंबरीवर वाद घातला म्हणून गट फुटतो हे मला मान्य नाही. ‘फकिरा’वरच्या त्या अर्ध्या तासानंतर सर आणि तो तरुण एकाच गाडीवरून घरी गेले होते.

महाराष्ट्रात पुस्तक वाचकापर्यंत नेण्याचे प्रयत्न फार मोठे झाले. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी 1848ची. सत्तरच्या दशकात ‘ग्रंथाली’ची वाचक चळवळ आली. अलीकडे नाशिकहून ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पेट्या निघाल्या. पुस्तक दारात आलं. वाचून झाल्यावर चार माणसांनी त्यावर बोलायचं कसं, याची रीत मात्र आम्ही फारशी घातली नाही.

उर्दूत ती आहे. लाहोरला 1939 साली ‘हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक’ सुरू झाला. मीराजी त्यात आले आणि त्याला वळण मिळालं. हेच मीराजी पुढे 1949मध्ये मुंबईत वारले. दर आठवड्याला बैठक. एकानं आपलं लेखन वाचायचं, बाकीच्यांनी त्याची चिरफाड करायची, आणि हे सगळं लिहून ठेवायचं. पुढच्या बैठकीची सुरुवात मागच्या बैठकीच्या कारवाईच्या वाचनानं. आपलं म्हणणं चुकीचं लिहिलं गेलं असेल तर उभं राहून दुरुस्त करून घ्यायचं. तिथे मित्र मित्राच्या कवितेवर तुटून पडत. उर्दूवाले नाजूक, तहजीबवाले, असं मराठीत समजतात. तनकीदीची ही तहजीब कुणी सांगत नाही. मी लाहोरचं नाव घेतलं तेव्हा बैठकीत दोन भुवया वर गेल्या, तेही लिहून ठेवते. (हुतात्मा राजगुरू ज्या शहरात 23 मार्च 1931ला फासावर गेले तेही लाहोरच. आमच्या गावाला ते शहर परकं वाटायचं काही कारण नाही.)

मी गटापुढे एवढंच ठेवलं: वहीत नावासकट मत लिहा, शक्य तिथे पान क्रमांक लिहा, त्याला कुणी काय उत्तर दिलं ते लिहा, आणि पुढच्या वेळी ते मोठ्यानं वाचा. कुणाला काय वाटलं असेल याचा अंदाज लिहू नका. ‘संमिश्र’ हा शब्द वर्षभर बंद. बँकेतल्या ताईंनी लगेच होकार दिला. गृहिणींपैकी एकजण म्हणाल्या, नाव लिहिणार असाल तर मी नीट वाचून येईन. सर म्हणाले, बघू.

तर या महिन्याची वही. पुस्तक ‘कोसला’, बैठक माझ्याकडे. बँकेतल्या ताई म्हणाल्या, मनीच्या मृत्यूची पानं वाचून त्यांनी दोन दिवस पुस्तक मिटून ठेवलं, पण पांडुरंगला आपल्या आईकडे कधी नीट बघताच आलं नाही, आणि हे लेखकाला दिसतंय की नाही याची त्यांना शंका आहे. लातूरचा इंजिनिअर म्हणाला, ताई, लेखकाला दिसतंय, म्हणूनच आपल्याला दिसलं. ताईंना पटलं नाही. तरुण म्हणाला, पुण्यात शिकायला येऊन पैसे उडवून परत जाता येतं, हे ज्याच्या घरी शेती आहे त्यालाच परवडतं. माझ्या मते ही कादंबरी विशीत वाचली तर आपली वाटते आणि चाळिशीत वाचली तर त्यातल्या बापाची कीव येते. वर्ध्याच्या इंजिनिअरनं माझं म्हणणं खोडून काढलं, त्यासाठी त्यानं तीन पानं उघडून वाचून दाखवली. दोन मला पटली, एक नाही. आमची साडेचार पानं भरली.

सरांचा निरोप आला आहे, बैठकीआधी टिपण एकदा त्यांना दाखवावं, एखादा शब्द इकडेतिकडे करता येईल. त्यांचं स्वतःचं मतही मी लिहिलंय, त्यांच्याच शब्दांत. ते रविवारी, सगळ्यांबरोबर ऐकतील.